गाडीला माणसं पाहिजेत

आमच्या गावात माणसं किती, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, कोणत्या महिन्यातली? आता शहरात, गारखेड्यात मी राहते त्या बिल्डिंगमधल्या काकूंना हे उत्तर आगाऊपणाचं वाटलं. पोरगी शहाणी दिसते पण सरळ बोलत नाही, असं त्यांनी खालच्या मजल्यावर सांगितलं आणि ते लिफ्टच्या आधी माझ्यापर्यंत पोचलं. आता सरळच सांगायचं तर हेच सरळ उत्तर आहे. आमचं गाव वर्षभर एका जागेवर बसत नाही.

सोयगाव तालुक्यात डोंगराच्या बुडाला आमचं गाव. सगळी मेंढरांवर जगणारी माणसं. दिवाळीचे दिवे विझले की निम्म्याहून जास्त गाव मेंढ्या, घोडी, कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन खाली खानदेशात उतरतं. तिथले शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, रानाला खत होतं, आमची पोटं चालतात. मग मृगाच्या तोंडावर सगळे परत. पावसाळ्यात आमच्या गावात भांडायला माणूस शोधावा लागत नाही, दारातच असतो. आणि तुम्ही माघात आलात तर म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि त्यांना भाकरी घालायला मागं ठेवलेल्या चार-सहा बाया, संपलं गाव.

त्यात रस्ता काळ्या मातीचा. पावसात त्यात चप्पल गेली की ती थेट दसऱ्याला सापडायची. म्हणजे माणसं असायची तेव्हा रस्ता नसायचा, आणि रस्ता सुकायचा तेव्हा माणसं निघून गेलेली असायची. डोकी मोजायला येणारे लोकही सुकल्यावरच यायचे. मग आमचं गाव कागदावर कायम अर्धंच लागायचं, आणि अर्ध्या गावाला रस्ता कशाला म्हणून रस्ता व्हायचा नाही. यात कुणाची चूक आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण राग मात्र पुष्कळ आहे.

कुठं जायचं तर फाट्यापर्यंत चालायचं, नाला ओलांडायचा, आणि तिथं जीप मिळायची. त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसलेला असायचा. ड्रायव्हर नेमका कोणता हे हात कुणाचे स्टेअरिंगवर आहेत त्यावरून ओळखायचं. माझ्या चुलतीला एकदा गियरच्या दांड्यावर पाय घालून बसवलं होतं आणि गियर बदलायचा झाला की ड्रायव्हर तिला अदबीनं म्हणायचा, मावशी, जरा उचला. चुलती म्हणते, सोयगाव येईपर्यंत निम्मी गाडी मीच चालवली.

मी दहावी पास झाले तेव्हा हे असं होतं. गावातली दहावी झालेली मी काही पहिली नव्हते, पण पुढं शिकते म्हणणारी मीच पहिली. वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबा माणूस कमी बोलणारा. मेंढरांशी जास्त बोलतो, माणसांशी हिशेबानं. त्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी गाव चार दिवस परत आलं होतं, तेव्हा मारुतीच्या ओट्यावर सगळे बसलेले असताना मी त्यांना सोयगावच्या कॉलेजचं विचारलं. चारचौघांत विचारलं म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत असा माझा डाव होता. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि सांगितलं, त्या जीपमध्ये माझी पोर बसणार नाही, गावात बस आली तर खुशाल जावं. नाही तर सोयरीक आलेली आहेच. ओट्यावरचे सगळे हसले, कारण बस येणार हे ते आपापल्या लग्नापासून ऐकत आले होते. सोयरीक खरंच आली होती. मुलगा बरा होता, त्याचा दोष एवढाच की माझी अकरावी व्हायची होती.

आणि त्याच उन्हाळ्यात रस्ता झाला. कसा झाला, कुणी केला, ते विचारू नका, आमच्या सरपंचालाही पक्कं माहीत नव्हतं. एके दिवशी रोलर आला आणि महिनाभरात फाट्यापासून मारुतीपर्यंत डांबर. पावसाला तोंड फुटलं, मेंढपाळ परत आले, आणि अर्जामागून अर्ज केल्यावर डेपोनं सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी चालवून बघू म्हणून सांगितलं. बघू म्हणजे तात्पुरती. माणसं मिळाली तर कायम.

पहिले तीन महिने त्या बसमध्ये शिरायला जागा मिळत नव्हती. गाव भरलेलं, त्यात बस नवी. काही लोक नुसते सोयगावला जाऊन चहा पिऊन यायचे. एक म्हातारा रोज फाट्यापर्यंत जाऊन चालत परत यायचा, कारण त्याला फक्त खिडकीत बसायचं असायचं. शेळ्या-मेंढ्या चढवण्यावरून कंडक्टरशी रोज वाद. आबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. शब्द दिला होता, चारचौघांत दिला होता, आणि बस दारात उभी. मी दप्तर घेऊन पहिल्या दिवशी चढले तेव्हा ते ओट्यावर पाठ करून बसले होते.

मग दिवाळी झाली आणि गाव उठलं. आबा आणि आई मेंढरं घेऊन निघाले. मी चुलतीजवळ राहिले. निघताना आबांनी घोडीचा पट्टा आवळता आवळता सांगितलं की बस आहे तोवर कॉलेज. बस बंद झाली तर मी येऊन तुला घेऊन जाईन, सोयरीकवाले पुन्हा विचारतायत. माणूस शब्दाचा पक्का. अशा माणसाचा शब्द आपल्या बाजूनं असला तर बरं, नाही तर लई अवघड.

आता बसमध्ये मी, कधी एखादी बाई, कधी डोळ्याला थेंब घालून घ्यायला निघालेला म्हातारा. ते खिडकीवाले म्हातारबाही थंडीमुळं येईनासे झाले. कंडक्टर भला माणूस होता. तो मला म्हणायचा, ताई, गाडीला माणसं पाहिजेत, मी काय करू? आणि एक दिवस त्यानं सांगितलं की येत्या सोमवारी डेपोचे साहेब स्वतः गाडीबरोबर येणार आहेत. गावातून किती माणसं चढतात ते बघणार आणि फेरी ठेवायची की नाही ते ठरवणार.

मी हे चुलतीला सांगितलं. सगळ्यांना सोमवारी बसमध्ये बसवायची जबाबदारी तिनं घेतली. गावातल्या सगळ्या बायांना, म्हाताऱ्यांना तिनं घरोघर जाऊन बजावलं. बँकेचं काम काढा, दवाखान्याचं काढा, नसेल काम तर तसेच चला, पण चला. सगळे हो म्हणाले. मी त्या रात्री निश्चिंत झोपले. आपल्या माणसांना मी इतकी वर्षं ओळखत होते, तरी झोपले.

सोमवारी बस आली. साहेब उतरले. मध्यमवयीन, चष्म्याचे, हातात साधी पिशवी. आणि समोर बघते तर काय, मारुतीच्या ओट्यावर सतरंजी, लोटी, ताट, पाट. माझ्या चुलतीच्या डोक्यात रातोरात एवढंच राहिलं होतं की आपल्या गावात साहेब येणार. आमच्या गावात साहेब याआधी कधी स्वतःहून आला नव्हता, आला तर काहीतरी जप्त करायला आला होता. हा बस द्यायला येतोय म्हटल्यावर त्याला तसंच पाठवायचं? तिनं पहाटे उठून पुरण शिजवलं होतं. बाकीच्या बायांनीही. जिच्या घरी डाळ नव्हती तिनं तूप आणलं होतं.

म्हाताऱ्यांनी साहेबांना फेटा बांधायला घेतला. एकानं बांधला तो दुसऱ्याला पसंत पडला नाही, त्यानं सोडून पुन्हा बांधला, तिसऱ्याचं म्हणणं असं की आपल्याकडं असा बांधतच नाहीत. तोवर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी हललं नाही. ज्यांनी खरंच सोयगावला जायच्या पिशव्या आणल्या होत्या त्यांनी त्या ओट्याखाली ठेवून दिल्या आणि वाढायला घेतलं. मी बसच्या दारात उभी राहून चुलतीला खुणावत होते, मग हाका मारल्या, मग सरळ खाली उतरून तिचा पदर ओढला. ती माझ्यावरच डाफरली.

"पाहुणा जेवायलाय अन् आपण उठून जायचं? असली रीत शिकवली का तुला कॉलेजात?"

साहेब बिचारे घड्याळ बघत होते आणि ताटात पोळी पडत होती. नको म्हटलं की आमच्याकडं वर तूप वाढतात. शेवटी त्यांनी ताटाला हात जोडले आणि तसेच फेट्यासकट बसमध्ये येऊन बसले. मांडीवर नारळ. बसमध्ये मी. बाहेर सगळं गाव हात हलवून त्यांना निरोप देत होतं, अगदी शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत, किती छान झालं अशा चेहऱ्यानं. गाडी हलली.

फाटा येईपर्यंत साहेब मांडीवरचा नारळ सावरत होते. मग म्हणाले, मुली, मला इतकं प्रेमानं कुणी वाढलं नाही, पण हे लिहायला माझ्याकडं रकाना नाही. मला माणसं दिसायला हवी होती. आणि मला रडूच फुटलं. रडता रडता मी त्यांना खूप काही बोलले. आमची माणसं अशीच आहेत म्हटलं, डोक्यानं गरीब आणि हातानं सढळ. अर्धं गाव तापीकाठी आहे, तिकडं जाऊन मोजा म्हटलं. तुम्ही बस काढली की माझा बाप येईल आणि मला घेऊन जाईल, तुमचं काय जातं म्हटलं. वयानं एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण ते रागावले नाहीत. फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि म्हणाले, बाजाराच्या दिवशी मी पुन्हा येतो, तेव्हा बसमध्ये माणसं दाखवा. आणि कृपा करून जेवायला घालू नका.

संध्याकाळी मी घरी आले तर चुलती उरलेल्या पोळ्या वाटत होती, मोठ्या समाधानात. मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. तिनं कपाळाला हात मारून घेतला, स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या, आणि मग फोन घेऊन बसली. जिथं जिथं आमची बिऱ्हाडं होती तिथं तिथं फोन गेला. बाजाराच्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातलं निदान एक माणूस बसमध्ये पाहिजे, मेंढरं दुसऱ्याकडं सोपवा, पण या. फक्त आबांना कळवू नका, म्हणून मी तिच्या पाया पडले. बस बंद पडतेय एवढंच त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते मला न्यायलाच आले असते. चुलतीनं देवाची शपथ घेतली. पण तिकडं एका बिऱ्हाडाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळायला फोन लागत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी आमच्या गावात जे झालं ते सांगितलं तर गारखेड्यात कुणी विश्वास ठेवत नाही. बस भरायला माणसं मोटारसायकलवर आली, टेम्पोतून आली, दुधाच्या गाडीतून आली. कुणी म्हटलं की एवढी वाहनं आहेत तर बस कशाला, तर त्याला गप्प बसवण्यात आलं. धुतलेली धोतरं, तेल लावलेली डोकी, ठेवणीतली लुगडी. चुलतीनं ओट्यावर उभं राहून प्रत्येकाला शिकवलं की साहेबांनी विचारलं तर काहीतरी कामाचं सांगा. काय सांगायचं, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. ती घाईत होती. म्हणाली, दवाखाना सांगा. हे तिनं त्या एकट्याला सांगितलं होतं, पण ऐकलं सगळ्यांनी.

बस आली, साहेब आतच बसलेले. गाव चढलं. बाकं भरली, मधली जागा भरली, दाराशी माणसं. कंडक्टरचा चेहरा फुलला आणि मग तिकिटं फाडताना उतरला, कारण निम्मे अर्ध्या तिकिटाचे म्हातारे. साहेब उठून एकेकाला विचारू लागले, कुठं निघालात? दवाखाना. तुम्ही? दवाखाना. तुम्ही, बाई? दवाखाना. तिसऱ्या बाकापर्यंत साहेबांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. त्यांनी कंडक्टरला विचारलं, गावात साथबिथ आलीय का? तेवढं ऐकून एका म्हाताऱ्यानं पुरावा म्हणून खोकायला सुरुवात केली, आणि मग त्याला खरंच ठसका लागला. सगळे त्याची पाठ चोळायला लागले. मी पुढच्या बाकावर खिडकीकडं तोंड करून बसले होते, इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या गडबडीत कुणीतरी शेवटचं चढलं. आधी काठी दिसली, मग घोंगडी. आबा. तापीकाठावरून रात्रभर कुणाकुणाच्या टेम्पोतून आलेले, फाट्यापासून चालत आलेले. अंगाला मेंढरांचा वास, पायावर धूळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, झालं, न्यायला आले. आता सगळ्यांसमोर म्हणतील, ऊठ. चुलतीही मागच्या बाकावरून उठून उभी राहिली.

साहेब माणसांतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचले आणि हसतच म्हणाले, "बाबा, तुम्हालाही दवाखान्यात जायचंय?"

आबा खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही, मेंढी विकतानाही तिचा लंगडा पाय आधी दाखवतात. चुलती त्यांना मागून हातवारे करून शिकवत होती. तिच्याकडं न बघता त्यांनी घोंगडी खांद्यावर नीट घेतली.

"मला कुठंच जायचं नाय, साहेब. ह्या कुणालाच कुठं जायचं नाय." काठीनं माझ्याकडं दाखवलं. "तिला जायचंय. रोज."

सगळी बस वळून आबांकडं बघायला लागली. खोकणारा म्हातारासुद्धा. चुलती मटकन खाली बसली, कुणाच्या तरी मांडीवर. साहेब आता हसत नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले की बाबा, तुमचं खरं आहे, पण उद्या ही सगळी जातील, तुम्हीही जाल, आणि बसमध्ये ही एकटीच राहील.

आबा म्हणाले, "एकटी असली म्हणून काय झालं? माणूसच हाये की ती."

साहेब जाऊन आपल्या जागेवर बसले. कंडक्टर आबांजवळ आला, कुठलं तिकीट देऊ म्हणून. आबांनी कनवटीचे पैसे काढले आणि पोरीचं कॉलेज जिथं आहे तिथवरचं द्या, असं सांगितलं. मग माझ्या बाकावर येऊन टेकले. मी विचारलं, आबा, न्यायला आलात ना? ते म्हणाले, चारचौघांत बस आली तर जावं म्हणालो होतो, आता बसच हातची चालली म्हटल्यावर आधी तिला धरायला नको? त्यांच्याशी त्यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही. सोयगावात ते कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, इमारत खालपासून वरपर्यंत बघितली, आणि मी आत गेल्यावर तिथून तसेच तापीच्या वाटेला लागले. सोयरीकवाल्यांना त्यांनी काय कळवलं ते मला कधी कळलं नाही, पण ते पुन्हा आले नाहीत.

बस राहिली. साहेबांनी काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक. बारावी होईपर्यंत मी त्याच गाडीनं गेले. पावसाळ्यात उभं राहून, आणि दिवाळीनंतर बहुतेक सकाळी सगळी बाकं मोकळी टाकून पुढच्या खिडकीत, एकटी. ड्रायव्हर वळण घेऊन मारुतीपाशी गाडी उभी करायचा आणि मागं न बघता विचारायचा, आली का माणसं? कंडक्टर माझ्याकडं एकदा बघायचा, दार ओढून घ्यायचा आणि सांगायचा, "सगळे आले, चला."